मधली स्टेशनं घेणारा चिरूट

अंबडच्या आपल्या ओट्यावरून तसूभरही न हलता दर गुरुवारी संध्याकाळी हैदराबादला जाऊन येणारा माणूस या भूतलावर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला, हे माझ्या लग्नाचं एकमेव पण फार मोठं फळ आहे. (बायकोने हे वाचलं तर 'एकमेव' हा शब्द मी बिनशर्त मागे घेईन.) अवकाशात जाऊन येणाऱ्यांचं जगाला केवढं कौतुक असतं! पण त्यांना यान लागतं, इंधन लागतं, आणि परत आल्यावर त्यांना धड उभंही राहता येत नाही म्हणे. माझ्या मामेसासऱ्यांना एक चिरूट लागायचा. परत आल्यावर ते चटकन उठायचे, पायजमा झटकायचे आणि आत डोकावून विचारायचे, "आज भाजी काय केली?"

मामा उंच, वाळकेले, बाराही महिने पांढऱ्या सदऱ्यात आणि पांढऱ्या पायजम्यात. भुवया इतक्या दाट आणि इतक्या पांढऱ्या, की सरकी काढून नुकत्याच लावल्यात असं वाटावं. त्यात नवल नव्हतं, कारण त्यांचा सगळा जन्म कापसात गेला होता. जिनिंगमध्ये ते ग्रेडर होते. शेतकऱ्याने गाडी आणली की ढिगातून चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि धागा किती लांब, किती मजबूत, कचरा किती, हे डोळे मिटून सांगायचं. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, पण प्रतवारी सुटली नाही. आमरसापासून आमदारापर्यंत समोर येईल त्याला ते अंगठ्यांत धरून ओढत. माझं लग्न ठरायच्या आधी मला पाहायला आले, माझ्याकडे दोन मिनिटं टक लावून बघितलं आणि मुलीकडच्यांना म्हणाले, "मध्यम धागा आहे. पण कचरा कमी आहे. चालतंय." मी मनातून जरा खट्टू झालो होतो. पुढे मला कळलं की 'चालतंय' ही त्यांच्या शब्दकोशातली सर्वांत वरची पायरी आहे. तिच्यावर दुसरा शब्दच नाही. पहिल्या नातवाचं तोंड बघून ते एवढंच म्हणाले होते, "चालतंय."

तरुणपणी जिनिंगच्या मालकाने त्यांना प्रतवारी शिकायला तीन महिने हैदराबादला पाठवलं होतं. तिथे त्यांना जी खोली मिळाली तिच्याखाली एका चिरूट वळणाऱ्याचं दुकान होतं. चिरूट म्हणजे आख्खी तंबाखूची पानं एकावर एक वळून केलेली जाडजूड देशी सिगार. तो वळणारा त्यांच्याच वयाचा, मांडीवर फळी घेऊन बसायचा आणि पान ओढून बघायचा, अगदी हे कापूस ओढून बघायचे तसंच. दोघांचे अंगठे एकमेकांना ओळखणार नाहीत तर काय! तीन महिने संपले, मामा परतले, पण दोस्ती तिथेच मांडी घालून बसली. तेव्हापासून दर दिवाळीला हैदराबादहून उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं यायचं आणि अंबडहून एक लाडवांचा डबा जायचा. पुडक्यात पन्नास चिरूट. वर्षात गुरुवार बावन्न. माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला आणि मी एकदा विचारलं, "मामा, उरलेले दोन गुरुवार?"

"पितृपंधरवड्यातले. त्या दोन गुरुवारी चिरूट न्हाई."

"का? श्राद्धाचे दिवस म्हणून?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझा धागा त्यांच्या अंगठ्यात तुटला. "जावईबापू, त्या पंधरा दिवसांत वडील खाली आलेले असतात. वडिलांच्या म्होरं चिरूट ओढायचा?"

त्यांचे वडील जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती.

आता या प्रवासाची तयारी. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते मी सांगायला नको. पापड तळायच्या आधीच तडकतो, तिथे तंबाखूच्या पानाची काय कथा? म्हणून मामांनी माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक जुना माठ ठेवला होता. माठाच्या तळाशी वाळू, वाळूवर रोज ओंजळभर पाणी, वाळूवर एक पितळी जाळी आणि जाळीवर पंच्यात गुंडाळलेले चिरूट. वाळू फार ओली झाली तर बुरशी, फार कोरडी झाली तर भुगा. मामा रोज सकाळी आंघोळीनंतर देवपूजेच्या आधी माठात हात घालून वाळू चाचपायचे. "देव थांबतो," ते म्हणायचे, "पान थांबत न्हाई."

गुरुवारी साडेचार वाजले की ते माठापाशी जायचे आणि एकेक चिरूट काढून कानापाशी धरून बोटांत फिरवायचे. कुरकुर ऐकू आली तर परत निजवायचा, गप्प असला तर तो आजचा. मग रोज पान फाडायच्या कॅलेंडरवरून गुरुवारचं पान काढायचे, त्यातला तारखेचा आकडा कापून त्याची पट्टी खळीने चिरुटाच्या कमरेला डकवायची. हे तिकीट. बिनतिकिटाचा चिरूट त्यांनी जन्मात पेटवला नाही. मग टोक कापायचं ते मामींच्या अडकित्त्याने, आणि इथे दर गुरुवारी पावणेपाचला एक नाटकाचा प्रवेश व्हायचा, जो मी प्रेक्षकांत बसून वर्षानुवर्षं पाहिला. माझी शाळा अंबडलाच. गुरुवारी शाळा सुटली की मी घरी जायच्या आधी ओट्यावर हजेरी लावायचो.

"माझ्या सुपारीला तुमच्या त्या धुराड्याचा वास येऊन राह्यला," मामी आतून.

"वास तंबाखूचा न्हाई, सुपारीचाच आहे. तुमची सुपारीच हलकी."

"चाळीस वर्षं हलकी सुपारी खाल्ली म्हणून टिकले मी. जावईबापू, तुमी तरी सांगा ह्यान्ला. आडकित्ता आणा म्हणावं दुसरा."

"दुसऱ्याला धार न्हाई," मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणायचे, आणि डोळा मिचकावायचे.

धारेचं काही नव्हतं हो. मामींच्या हातून दर गुरुवारी काहीतरी मागून घ्यायचं होतं, इतकंच. मामीही अडकित्ता देताना तो पदराने पुसून देत, हे मी पाहिलेलं आहे.

अंबडला रेल्वे नाही. गाडी धरायची तर आधी एस.टी.ने जालन्याला जावं लागतं. त्यामुळे पेटवण्यापूर्वीचं जे काही, टोक कापणं, पान थुंकीने चिकटवणं, वाळलेल्या पऱ्हाटीची बारीक काडी पेटवून तिच्या आचेवर चिरूट दुरूनच शेकणं, हे सगळं एस.टी.त मोडायचं. काडेपेटीची काडी त्यांना वर्ज्य. तिच्या गंधकाचा वास धुरात उतरतो म्हणे. जन्मभर ज्या कापसाने पोसलं त्याच झाडाची काडी. शेकणं चालू असताना मी काही बोललो की मामा म्हणायचे, "थांबा, एस.टी. हलून राह्यली." बरोबर साडेपाचला त्यांचा मोबाईल एकदाच वाजून बंद व्हायचा. हैदराबादहून मिस कॉल. म्हणजे तिकडेही पेटला. इकडून उलटा मिस कॉल जायचा, आणि पहिला झुरका. गाडी सुटली.

पहिला बोटभर धूर म्हणजे परतूर. मग सेलू, मानवत रोड. मामांचे डोळे अर्धे मिटलेले, ओट्यासमोरच्या कडुलिंबातून उन्हाची सोनेरी भुकटी खाली येते आहे, निळसर धूर तिच्यातून वाट काढत वर चाललाय, आणि मामा इतक्या हळू आवाजात स्टेशनं सांगताहेत, की आपल्यालाच खिडकीशी बसल्यासारखं वाटावं. "परभणी आलं. भज्यांचा वास येऊन राह्यला. पूर्णेला गाडी जरा थांबंल, इंजिन बदलतं." इंजिन बदलायचे दिवस केव्हाच गेले, पण मामांच्या गाडीला अजून कोळशाचंच इंजिन होतं. चिरूट अर्धा झाला की नांदेड. तिथे त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू यायचं. कारण दोस्त तिकडून निघून नांदेडपर्यंत त्यांना घ्यायला यायचा. पुढे दोघं मिळून मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत हैदराबादला जायचे. मी गणिताचा मास्तर. मी एकदा नकाशा मांडून दाखवलं, की मधोमध भेटायचं तर ते नांदेडला नाही, धर्माबादच्या अलीकडे भेटायला हवं. नांदेड आपल्याला जवळ आहे. मामा म्हणाले, "आहे ना. तो यजमान आहे. त्यानं जास्त यायला पाहिजे का न्हाई?"

"पण मामा, इतक्या वर्षांत खरंच का नाही जाऊन आलात एकदा? रात्रभराची तर गाडी आहे."

"खर्चा कशाला? दर गुरुवारी जातोच की."

या प्रवासात त्यांना कोणी अडवलेलं चालायचं नाही. नगरपालिकेचा माणूस काही कागद घेऊन आला, तर मामी दारातूनच सांगायच्या, "परभणीत आहेत. एका तासानं या." त्यालाही आता सवय झाली होती, तो विचारायचा, "गेली का परभणी?" डॉक्टरांनी एकदा तपासून चिरूट बंद करायला सांगितलं. डॉक्टरांचं बरोबरच होतं, मीही मान डोलावली. मामा म्हणाले, "साहेब, बिडी बंद करतात, सिगारेट बंद करतात. ही गाडी आहे. आठवड्यातून एकच हाये, तीबी बंद करता?" डॉक्टर जालन्याचे, आठवड्यातून एकच असलेल्या गाडीचं दुःख त्यांना कळत असावं. त्यांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं.

आणि ती राख! राख झटकायची नाही, हा मामांचा कुळाचार. ती आपली आपण पडेल तेव्हा पडेल. दीड इंच राख धरून ते असे निश्चल बसत, की चिमण्या ओट्यावर येऊन तांदूळ टिपून जात. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तो नेमका गुरुवार. पाहुणे दुपारी यायचे ते एस.टी. चुकल्याने साडेपाचनंतर उगवले. मामा ओट्यावर, पूर्णेच्या आसपास, आणि राख अशी की मान हलवली तर खलास. मुलाच्या वडिलांनी नमस्कार केला; मामांनी फक्त पापण्या मिटल्या. मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून देण्याघेण्याचा विषय काढला. मामा स्तब्ध. त्यांनी विषय थोडा खाली आणला. मामा स्तब्ध, नजर दूर कुठेतरी. आणखी खाली आणला. त्या भुवया, ती शांतता, तो वर चाललेला धूर! पाहुण्यांना घाम फुटला. "आम्हाला काहीच नको साहेब," ते शेवटी म्हणाले, "नुसती मुलगी द्या." त्याच क्षणी राख पडली, आणि मामा मोकळे होऊन म्हणाले, "चालतंय." ती मुलगी आज पुण्यात अतिशय सुखात आहे, आणि तिच्या सासऱ्यांच्या मते मामांसारखा करारी माणूस मराठवाड्यात झाला नाही.

मीही एकदा या गाडीत बसायचा हट्ट धरला. मामांनी खूप समजावलं, "धूर गिळायचा न्हाई, तोंडात नुसता फिरवायचा, माझा दोस्त म्हणतो, मियाँ, जल्दी नक्को." मी जल्दी केली. तिसऱ्या झुरक्याला ओटा माझ्याभोवती फिरू लागला, चौथ्याला कडुलिंब खाली आला आणि पाचवा मी घेतलाच नाही. मामींच्या जाईच्या वेलापाशी मी काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामी पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मामांनी माझ्या हातातला चिरूट अलगद काढून घेतला, उरलेली लांबी बघितली आणि म्हणाले, "परतूरलाच उतरले की हो." तेव्हापासून सगळ्या नातलगांत मी 'परतूरचे जावई' आहे. माझं गाव जाफराबादच्या बाजूला, पण ते आता कुणाच्या लक्षात नाही.

प्रवास संपला तरी मामा चिरूट चिरडत नसत. "विझवायचा न्हाई, निजवायचा," म्हणायचे. पितळी ताटलीत आडवा ठेवायचा आणि तो आपला आपण शेवटचा धागा सोडून देईपर्यंत शेजारी बसायचं. मला वाटतं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत मिनिटं त्या ताटलीशेजारची आहेत. आत मामींच्या अडकित्त्याचा कट् कट् आवाज, आणि तो एक निळा धागा, जाऊ की नको करत.

मग एका गुरुवारी साडेपाचला मोबाईल वाजला नाही. पाच चाळीस झाले. मामा शेकलेला चिरूट हातात धरून बसलेले. "एस.टी. पंक्चर झाली वाटतं," मी म्हणालो. ते हसले नाहीत. सहाला फोन आला, तो नुसता वाजून थांबला नाही. पलीकडे दोस्ताची मुलगी होती. मला एवढंच ऐकू आलं, "अंकल, अब्बा कल फजर को गुजर गए." मामा बराच वेळ फोन कानाला लावून राहिले, फोन बंद झाल्यावरसुद्धा. मग त्यांनी चिरूट पेटवला. परतूर, सेलू, परभणी. नांदेड आलं आणि त्यांनी अर्धा चिरूट ताटलीत निजवला.

"मामा, अजून अर्धा आहे."

"घ्यायला कुणी आलं न्हाई, जावईबापू. पुढचा रस्ता मला पाठ न्हाई. तोच घेऊन जायचा." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "एकदा खरंच जायला पाहिजे व्हतं."

त्यानंतर दर गुरुवारी असंच. नांदेडला गाडी थांबायची आणि तिथेच रद्द व्हायची. उन्हाळ्यापर्यंत माठात त्या दिवाळीच्या पुडक्यातले चोवीस चिरूट उरले. पुढचं पुडकं कधी येणार नव्हतं. दुकान मुलीने बंद केलं होतं. ते अंगठेच गेले होते. मामा रोज सकाळी वाळू चाचपायचे ती आता दुपारीही चाचपू लागले. त्यांचा जगातला सगळा ऐवज म्हणजे ते चोवीस चिरूट, आणि ते कोरडे पडू नयेत एवढीच त्यांना धास्ती.

एप्रिलच्या शेवटी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस त्यांना जालन्यात आमच्या घरी ठेवून घेतलं. डोळ्यावर हिरवी पट्टी आणि तोंडात एकच चौकशी: "तिकडं वाळूवर पाणी कोण घालून राह्यलं?" मी दोनदा फोन करून मामींना एवढंच सांगितलं, की मामांना माठाची काळजी लागली आहे. मामी म्हणाल्या, "त्यान्ला म्हणावं काळजी करू नका. मी बघते."

नवव्या दिवशी मी त्यांना घेऊन अंबडला आलो. मामी गच्चीवर होत्या, म्हणून आम्ही जिना धरला; अर्ध्यावरूनच सगळं दिसलं. कुरडयांचे दिवस. गच्चीभर साड्या अंथरल्या होत्या. कुरडया, पापड, मिरच्या, आणि कोपऱ्यात एक जुनी नऊवारी, तिच्यावर कडुलिंबाचा पाला, आणि पाल्यात ओळीने मांडलेले चोवीस चिरूट. वैशाखाचं ऊन त्यांच्यावर सरळ पडलं होतं.

"आला का?" मामी वरून म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी विसरणार नाही. "माठात हात घातला तं समदे ओलेगार! आठ दिवसांत भुरा लागला असता. मी दोन उन्हं दिली चांगली. वर लिंबाचा पाला घातला, किडा लागायचा न्हाई. आता दोन वर्षं ठेवा म्हणावं."

चाळीस वर्षांत मामींनी त्या माठाला बोट लावलं नव्हतं. आणि जेव्हा लावलं तेव्हा घरच्या ज्वारीला, डाळीला जे करायचं तेच प्रेमाने केलं. आमच्याकडे जे जपायचं ते वाळवायचं असतं; याला ओलावा हवा असतो हे त्यांना कोण सांगणार? मी मामांकडे पाहिलं. पाटी पुसावी तसा त्यांचा चेहरा पुसला गेला. ते हळूहळू उरलेल्या पायऱ्या चढले, एक चिरूट उचलला, कानापाशी धरला. लांबून मला त्याची कुरकुर ऐकू आली. दुसरा उचलला, तो हातातच भुगा झाला. मामी पदराने घाम पुसत विचारत होत्या, "बराबर झाले ना?"

"एक नंबर," मामा म्हणाले. "एक नंबर काम केलं तुमी."

जिना उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला, डोळ्यांमुळे नव्हे. "जावईबापू," अगदी हळू म्हणाले, "हिला बिलकुल कळता कामा नये." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. खाली येऊन आम्ही निवडले. नऊ फुटले होते, पंधरा जेमतेम शाबूत होते. मी म्हणालो, पुन्हा वाळूत ठेवून बघू. मामा म्हणाले, "आणि तिनं माठ बघितला तं? तिनं वाळवले, वाळलेलेच ऱ्हाऊ द्या." पंधराच्या पंधरा एका कोरड्या पत्र्याच्या डब्यात गेले.

पहिल्याच गुरुवारी मी ओट्यावर गेलो. एस.टी., तिकीट, अडकित्ता, सगळं यथासांग. काडी लावताच चिरूट फर्रकन पेटला. मामांनी "परतूर" म्हणायला तोंड उघडलं तोवर सेलू मागे पडलं होतं. दोन झुरक्यांत परभणी, पूर्णेला इंजिन बदलायची सोय नाही, आणि राख तर बोटभरही टिकेना, पांढऱ्या फुलपाखरांसारखी उडून जायची. दहा मिनिटांत ताटलीत नुसतं थुटूक. धुराला कडुलिंबाचा कडवट वास आणि त्याच्या मागे, शपथेवर सांगतो, किंचित कुरडईचा. मामा थुटकाकडे बघत राहिले.

"वाईट झालं, मामा," मी म्हणालो.

"न्हाई हो." त्यांचा आवाज नवलाने भरलेला. "ही आता एक्स्प्रेस झाली. मधली स्टेशनं घेतच न्हाई. नांदेडला थांबलीच न्हाई, जावईबापू. घ्यायला कुणी येवो न येवो, थेट नेऊन सोडलं तिनं." मग आत वळून मोठ्यांदा म्हणाले, "एक नंबर!"

असे ते गुरुवारमागून गुरुवार थेट जात राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं नांदेडचं हसू आता शेवटी यायला लागलं, आणि थोडा जास्त वेळ राहायचं. श्रावणात एका बुधवारी दुपारी जेवून जरा पडले ते उठले नाहीत. डब्यात एक चिरूट उरला होता.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. परवा पितृपंधरवड्यातली त्यांची तिथी होती. पानं वाढून झाली. भात, आमटी, वड्या, खीर, आणि त्यांना आवडायची ती गवारीची भाजी. माझ्या मनात आलं, पानाशेजारी तो शेवटचा चिरूट ठेवावा. मी मामींना डबा मागितला. मामी खिरीची वाटी सारखी करत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "आत्ता नगं."

"का मामी? त्यांचाच आहे."

"मामंजी बी आलेले असतील ना आज. त्यांच्या म्होरं हे हात लावतील का?"

मी खरंच त्या पानापासून दोन पावलं मागे सरलो. एवढं मला कसं सुचलं नाही!

जेवणं झाल्यावर मामींनी मला माजघरात नेलं. तो पत्र्याचा डबा कुठेच नव्हता. कोपऱ्यात जुना माठ होता. मामींनी झाकण काढलं. आत वाळू, काळसर, ओलसर, पितळी जाळी, पंचा. पंच्यात चिरूट, मऊ, गप्प, आणि त्याच्या कमरेला कॅलेंडरची पट्टी. आकडा पंधरवडा संपल्यानंतरच्या गुरुवारचा. शेजारी त्यांचा अडकित्ता, पुसून ठेवलेला.

"मामी," मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी, गच्चीवर. चाळीस वर्षांत माझ्या हातच्या कशालाबी ते 'चालतंय'च्या वर गेले न्हाईत. त्या दिवशी एकदम 'एक नंबर' म्हणाले." त्या हसल्या. "मंग मी काय म्हणणार? त्यान्ला वाटायचं मला कळलं न्हाई. वाटू दिलं. ते गेल्यावर ह्याला वाळूत टाकलं. वर्षभर पाणी घालून राह्यले, तवा कुठं नरम आला."

त्यांनी बोटं पाण्यात बुडवली आणि वाळूवर दोन थेंब शिंपडले, तुळशीला घालावेत तसे. "गुरुवारी साडेपाचला या. तुमी ओढू नका, तुमी परतूरला उतरता. नुसता पेटवून ताटलीत ठेवा. मी बसते ओट्यावर."

"बरं."

"आणि स्टेशनं सांगत जा, क्रमानं. चाळीस वर्षं आतून ऐकली, सुपारी कातरता कातरता निम्मी राह्यली." मामींनी माठावर झाकण ठेवलं, आणि ते नीट बसलंय का हे दोनदा बघितलं. "म्हणून ओला केला त्याला. मला काही घाई न्हाई. समदी स्टेशनं बघत जायचंय मला. नांदेडला येतीलच ते घ्यायला."